बोलणाऱ्या यंत्राचे मोल

माळव्यातील बागली हे आज देवास जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. पूर्वी तेथे एक लहानसे संस्थान होते. देवास आणि धार येथे पवारांनी अठराव्या शतकात आपल्या गाद्या स्थापिल्या, तेव्हापासून या मुलखात मराठी घरे नांदत आहेत. घरात मराठी आणि शाळेत, बाजारात हिंदी, असा त्यांचा व्यवहार. अशा एखाद्या घरात अंध मूल जन्मास आले, तर त्याने वाचावे कसे आणि कोणत्या भाषेत, या प्रश्नाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक आहे, आणि त्यात पैशाचा भाग फार मोठा आहे.

भारतातील अंधांची पहिली शाळा 1887 साली अमृतसर येथे अ‍ॅनी शार्प यांनी काढली. मुंबईत 1900 साली, छप्पनच्या दुष्काळाच्या त्या भयंकर दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांना जवळ केले. दादरची सुप्रसिद्ध अंधशाळा तिच्यातूनच वाढली. लुई ब्रेलचे सहा ठिपके सगळीकडे पोचले होते खरे, परंतु देवनागरीचे कोणते अक्षर कोणत्या ठिपक्यांनी दाखवावे याबद्दल शाळाशाळांत एकमत नव्हते. 1951 साली भारती ब्रेल निश्चित झाली आणि हा घोळ मिटला. हिंदीचा ‘क’ आणि मराठीचा ‘क’ बोटाखाली एकच झाले; आमच्या ‘ळ’लाही त्यात जागा मिळाली. बागलीच्या मुलाने एकदा अक्षरे शिकून घेतली की दोन्ही भाषांचे दार त्यास उघडे. साधनेही स्वस्त होती : एक पाटी, एक टोचणी आणि जाड कागद. महाग होते ते पुस्तक. छापील एका ग्रंथाचे ब्रेलमध्ये कित्येक जाडजूड खंड होतात, ते ठेवण्यास कपाट लागते आणि छापणारी मुद्रणालये तर मोजकीच.

मग यंत्र आले. 1976 च्या जानेवारीत अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी छापील पान वाचून मोठ्याने बोलून दाखविणारे यंत्र जगापुढे मांडले. काचेवर पुस्तक उपडे ठेवावे आणि यंत्राने ते वाचावे, हे अंधांचे किती दिवसांचे स्वप्न! परंतु त्याची किंमत होती सुमारे 50 हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेचार लाख रुपये. गायक स्टीव्ही वंडर यांनी ते विकत घेतले, मोठ्या ग्रंथालयांनी घेतले. इतरांनी त्याच्याविषयी वर्तमानपत्रांत वाचले, किंवा खरे म्हणजे, कोणाकडून तरी वाचून घेतले.

पुढे घरोघर संगणक आले आणि पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी आज्ञावली, म्हणजे स्क्रीन रीडर, ही अंधांची गरज झाली. टेड हेंटर हे अमेरिकन अभियंते व मोटारसायकलपटू. 1978 मधील अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या संस्थेने 1989 मध्ये ‘जॉज’ ही आज्ञावली बाजारात आणली. ती उत्तम होती, यात वाद नाही. तथापि पुढील दशकांत तिची किंमत नऊशे ते अकराशे डॉलरांच्या घरात राहिली. 2005 च्या सुमारास रुपयांत ती चाळीस ते पन्नास हजार होई. डोळस मनुष्य संगणक घेतो तेव्हा तो वाचण्याचे वेगळे पैसे देत नाही. अंधाला जवळजवळ दुसऱ्या संगणकाचे पैसे मोजावे लागत. नमुना म्हणून मिळणारी प्रत चाळीस मिनिटे चाले, मग गप्प होई. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, की आणखी चाळीस मिनिटे. किती विद्यार्थ्यांनी आपला अभ्यास अशा तुकड्यांत केला असेल!

हा पेच दोघा अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनीच सोडविला. मायकेल करन यांनी 2006 साली, विद्यार्थिदशेत, स्वतःच आज्ञावली लिहिण्यास प्रारंभ केला. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेले मित्र जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. ‘एनव्हीडीए’ हे तिचे नाव. ती विनामूल्य आहे आणि तिची रचना कोणासही पाहता व सुधारता येते. तिच्याबरोबर येणारा ‘ई-स्पीक’चा आवाज मराठीही वाचतो. आवाज रुक्ष आहे, लोखंडी पत्र्यावर खडे पडल्यासारखा. पण ज्याला वाचावयाचे आहे तो त्यास आठवड्यात सरावतो.

संगणकाचे पैसे मात्र राहतातच. अपंगांना साधने देणारी केंद्र सरकारची योजना 1981 पासून आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात 2003 साली अंधांसाठी साधनकेंद्र उघडले. पुस्तकांचा प्रश्न कायद्याचाही होता : अंधांसाठी त्यांचे रूपांतर करण्यास स्वामित्वहक्काची आडकाठी होती. ती 2012 च्या दुरुस्तीने दूर झाली, आणि 2014 साली मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला.

उरली ती एक विचित्र अडचण, आणि ती पैशाने सुटणारी नाही. मराठी छापखान्यांत आणि कचेऱ्यांत पुष्कळ वर्षे असे टंक वापरले गेले की, ज्यांत अक्षर दिसते देवनागरी पण संगणक ते जतन करतो रोमन चिन्हांत. युनिकोड आल्यावरही ही सवय पुरती गेली नाही. अशा टंकात लिहिलेली सूचना बागलीतल्या अंध विद्यार्थ्यापुढे आली, तर फुकटचा स्क्रीन रीडर ती इमानाने वाचू लागतो. डोळसाला स्वच्छ दिसणारे ‘परीक्षेचा दिनांक’ हे शब्द तेव्हा यंत्राच्या तोंडून इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांच्या निरर्थक माळेसारखे बाहेर पडतात.