दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा?

समजा अमेरिकेला शिकायला निघालेल्या मित्राने तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला. दिल्लीहून पहाटे ४ ला निघणार, सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोहोचणार. साडेतीन तासांत अमेरिका? चला, हिशोब समजून घेऊया.

अंतर किती?

पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरी ताणून धरली, तर ती जिथून जाईल तो सर्वांत जवळचा मार्ग. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हॅवरसाइन सूत्रात टाकले की हे अंतर मिळतं: सुमारे १२,४०० किमी. ही दोरी तिबेट, सायबेरिया आणि अलास्कावरून जाते. सपाट नकाशावर हे पटत नाही, कारण त्यावर ध्रुवांजवळचा भाग ताणलेला असतो.

मग वेळ किती?

ताशी ९०० किमी वेग धरला तर साधारण पावणेचौदा तास. पण विमान दोरीवरून जात नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावं लागतं आणि तिबेटची जमीनच त्याहून उंच आहे. त्यामुळे वळसा पडतो.

दुसरं कारण म्हणजे वारा. जेट स्ट्रीम हा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध, सुमारे १३,९०० किमी जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं, तरी प्रवास साडेचौदा तासांत संपला, म्हणजे जवळपास दोन तास कमी! थोडक्यात, किलोमीटर कमी म्हणजे वेळ कमी, असं नसतं.

तिकिटावरची वेळ कशी वाचायची?

तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. म्हणून आधी दोन्ही भारतीय वेळेत आणा:

- मार्च ते नोव्हेंबर: सॅन फ्रान्सिस्कोच्या वेळेत १२:३० तास मिळवा.
- बाकीचे महिने: १३:३० तास मिळवा.

मित्राचं विमान ऑगस्टमधलं असेल तर सकाळचे ७:३० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ८. पहाटे ४ ते रात्री ८, म्हणजे १६ तास. जमलं ना?

हा एक तासाचा बदल विसरू नका. मी एकदा डिसेंबरमध्ये १२:३० च मिळवले आणि मित्राच्या आईला विमान उतरायची वेळ तासभर आधीची सांगितली. तो अख्खा तास काकू फोन हातात धरून बसल्या होत्या. विमान अगदी वेळेवर होतं, चूक माझ्या बेरजेत होती. त्यामुळे घरच्यांना वेळ सांगताना नेहमी भारतीय वेळ सांगा, आणि तारीखही.