ग्लेन व्हॅली, जालना

भाच्याने जालन्यात फ्लॅट घेतला. वसाहतीच्या कमानीवर नाव होतं 'ग्लेन व्हॅली'. मी आधी दरी शोधली. जमीन भाकरीसारखी सपाट. एक खड्डा दिसला, पण तो पाइपलाइनसाठी खणलेला. भाचा म्हणाला, "मामा, नाव आहे ते. नावात कुठे दरी बघताय?"

पण आम्हाला खोड. 'ग्लेन' हा शब्द स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला, तिथल्या गेलिक भाषेतला. इंग्रजीने तो तिथूनच उचलला. अर्थ काय? तर डोंगरांमधली अरुंद, खोल दरी, तळाशी बहुधा ओढा नाहीतर नदी. तीच ऐसपैस रुंद असली की 'स्ट्रॅथ'. म्हणजे 'ग्लेन व्हॅली' झालं दरी-दरी! पावरोटीतला पाव म्हणजेही रोटीच, तसं.

हसू नका. ही मंडळी आपलेच भाऊबंद. लिव्हेट नदीची दरी ती ग्लेनलिव्हेट. (या नावाची बाटली ज्यांना ठाऊक, त्यांना नदी ठाऊक असेलच असं नाही.) आपणही हेच केलं. पवनेचं पवन मावळ, कानदीचं कानद खोरं, जुन्नरकडे भीमेचं भीमनेर आणि कुकडीचं कुकडनेर. अरुंद ती घळ, रुंद ते खोरं, हा भेदही आपल्याकडे आहेच.

गंमत म्हणजे हा शब्द कमानीवर चढायच्या कितीतरी आधी आमच्या जिल्ह्यात येऊन गेला असणार. 23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदनच्या बाजूला असईची लढाई झाली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज, आणि समोर जनरल वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन. त्याच्या 74 व्या आणि 78 व्या पलटणी स्कॉटलंडच्या हायलँडरांच्या. 78 वीत रॉसशायरकडचे गेलिक बोलणारे शिपाई पुष्कळ. वेलस्लीची दीड हजारांवर माणसं त्या दिवशी मेली किंवा जखमी झाली. आपली त्याहून कितीतरी जास्त.

आता त्या शिपायांच्या घरची हकीकत ऐका. तिकडच्या जमीनदारांना मेंढ्यांत पैसा दिसू लागला, आणि दऱ्यांतली कुळं उठवणं सुरू झालं. 1792 साली रॉसशायरच्या लोकांनी चिडून हजारो मेंढ्या हाकलून न्यायला काढल्या, तेव्हा बंदोबस्ताला सैन्य आलं. त्या सालाला ते 'मेंढ्यांचं वर्ष' म्हणतात. आणि पुढच्याच वर्षी, 1793 मध्ये, त्याच मुलखात ही 78 वी पलटण उभी राहिली. घरची दरी मेंढ्यांच्या घशात, आणि पोरं केळण्याच्या काठी आमच्या माणसांशी लढताहेत! ना त्यांचं आमच्याशी वैर, ना आमचं त्यांच्याशी.

मागे मी मुद्दाम असईला जाऊन आलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, "बाबा, या सखल भागाला काय म्हणता?" तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आमचं रान म्हणतो. दुसरं काय म्हणणार?"

रॉसशायरचा शिपाईही आपल्या ग्लेनबद्दल हेच म्हणाला असता. ज्याचं रान असतं त्याला नाव मिरवावं लागत नाही. रान गेलं की नाव उरतं. मग ते कधी बाटलीवर लागतं, कधी कमानीवर.

हल्ली भाच्याला पत्र लिहिताना पत्त्यावर 'ग्लेन व्हॅली' लिहितो, पण हसत नाही. त्याखाली हळूच लिहितो, 'कुंडलिकेचं खोरं'. पत्र पोचतं.