घोड्याचा दाग आणि हातातली चिप

गेल्या आठवड्यात कार्ड घरी विसरले आणि प्रयोगशाळेच्या दाराबाहेर अर्धा तास उभी राहिले. आमचा ज्युनिअर म्हणाला, "ताई, हातात चिपच बसवून घ्या ना, विसरायचा प्रश्नच नाही!" तो गंमत करत होता. पण माझा पीएचडीचा विषयच ओळख पटवण्याची तंत्रं हा, त्यामुळे मला थेट दौलताबाद आठवलं. कसं, ते सांगते.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर, म्हणजे आपल्या दौलताबादवर, अचानक चालून आला. घाईघाईत गडावर चढवलेली धान्याची पोती उघडली तर आत मीठ निघालं, अशी हकिकत सांगतात. (पोतं बाहेरून काय दिसतं आणि आत काय असतं, हा माझ्या संशोधनाचा अर्धा विषय झाला!) इथल्या लुटीच्या जोरावर तो त्याच वर्षी दिल्लीचा सुलतान झाला आणि त्यानं मोठी फौज उभी केली. आता फौज म्हटली की लबाडी आलीच: पगार चांगल्या घोड्याचा घ्यायचा आणि हजेरीला मरतुकडं तट्टू आणायचं, किंवा एकच घोडा दोनदा दाखवायचा. त्यावर त्यानं दोन उपाय केले. घोड्याला तापल्या लोखंडाचा 'दाग' (आपलं 'डागणं' आठवा) आणि स्वाराचा 'हुलिया', म्हणजे त्याचं वर्णन कागदावर. अकबरानं १५७३-७४ च्या सुमारास हीच पद्धत पुन्हा सुरू केली, तेव्हा सरदार चिडले. त्याचा दूधभाऊ अझीझ कोका तर इतका अडून बसला की त्याला आग्र्यातल्या स्वतःच्याच बागेत नजरकैद झाली.

एक गोष्ट लक्षात घ्या. खूण घोड्याच्या अंगावर होती, माणसाची ओळख कागदावरच राहिली.

आता चिपकडे येऊ. साधारण २ मिमी जाड, १२ मिमी लांब काचेची कुपी, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातडीखाली बसवलेली. तिच्यात बॅटरी नसते. दारावरच्या रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातून तिच्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि ती आपला क्रमांक सांगते. कार्डातली गुंडाळी जवळजवळ कार्डाएवढी असते, कुपीतली मात्र इवलीशी. म्हणून हात रीडरला अगदी चिकटवून, कोन साधून धरावा लागतो. रीडर १२५ किलोहर्ट्झचा आणि चिप १३.५६ मेगाहर्ट्झची असेल, तर कितीही हात घासा, दार ढिम्म! शिवाय १२५ किलोहर्ट्झची बरीच साधी कार्डं नुसता क्रमांक बोलतात, आणि तो दुसऱ्या चिपवर उतरवता येतो. म्हणजे चिप कातडीखाली गेली म्हणून दार जास्त सुरक्षित होत नाही. रीडर दाग बघतो, हुलिया बघतच नाही.

केव्हिन वॉरविक या ब्रिटिश प्राध्यापकानं १९९८ मध्ये स्वतःच्या दंडात चिप बसवून विद्यापीठातली दारं उघडली. नऊ दिवसांनी ती काढून टाकली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये थ्री स्क्वेअर मार्केट या कंपनीच्या सुमारे ५० कर्मचाऱ्यांनी स्वखुशीनं चिप बसवून घेतली. याच विस्कॉन्सिननं २००६ मध्येच कायदा केला होता की कुणावरही चिपची सक्ती करता येणार नाही.

पण साहेबानं विचारल्यावर नाही म्हणणं किती जणांना जमतं? ज्युनिअरला मी एवढंच म्हटलं, नोकरी सोडताना कार्ड टेबलावर ठेवून निघता येतं. चिप काढायला मात्र डॉक्टर लागतो, आणि त्याचं बिल कोण भरणार ते आधी लिहून घे.