दोन ग्राफिक्स कार्डें आणि त्यांचा काटा

सोनाराच्या दुकानांत बसलेल्या गिऱ्हाइकाची दृष्टि सोन्यावर खिळलेली असते. काट्याकडे तें क्वचितच पाहतें. काट्याविषयीं शंका येण्यास कांहीं तरी निमित्त घडावें लागतें. संगणकाच्या पडद्यावर चित्रें रेखाटणाऱ्या ग्राफिक्स कार्डांच्या इतिहासांत असें निमित्त २००३ सालीं घडलें.

या कार्डाचें काम थोडक्यांत सांगावयाचें तर असें: खेळांतील जग हें संगणकाच्या लेखीं त्रिकोणांचा व आंकड्यांचा एक प्रचंड ढीग असतो. त्या ढिगांतून, पाहणाऱ्यास या क्षणीं काय दिसेल हें ठरवून पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग काढावयाचा, आणि तेंही सेकंदास तीस, चाळीस, साठ वेळां. एका सेकंदांत जितकीं चित्रें पुरीं होतील तितकें तें कार्ड वेगवान्.

त्या काळीं या धंद्यांत मुख्य चढाओढ दोन कंपन्यांची होती. एटीआय ही कॅनडांतील, १९८५ सालीं स्थापन झालेली. एनव्हिडिया ही कॅलिफोर्नियांतील, १९९३ सालची. थ्रीडीएफएक्स या जुन्या प्रतिस्पर्ध्याची मालमत्ता विकत घेण्याचा करार एनव्हिडियानें २००० च्या अखेरीस केला, आणि तेव्हांपासून अग्रपूजेचा मान तिचाच असें समजलें जाई. ऑगस्ट २००२ मध्यें विक्रीस आलेल्या एटीआयच्या ‘रेडिऑन ९७०० प्रो’ या कार्डानें तो मान हिरावून घेतला. त्याच्या चिपवर दहा कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर होते. चिप घडविण्याची पद्धति मात्र ०.१५ मायक्रॉनची, म्हणजे हाताखालून गेलेली व भरंवशाची. चिपचा ठोका ३२५ मेगाहर्ट्झ, आणि मेमरीकडे जाणारा रस्ता २५६ बिट रुंद.

एनव्हिडियानें उलट मार्ग धरला. ०.१३ मायक्रॉनची नवी पद्धति तिनें निवडली, आणि ती पद्धति हातीं बसेपर्यंत महिनेच्या महिने गेले. ‘जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा’ची घोषणा नोव्हेंबर २००२ मध्यें झाली, कार्ड बाजारांत आलें तें २००३ साल उजाडल्यावर. त्याचा ठोका ५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे प्रतिपक्षाच्या दीडपटीहूनही थोडा अधिक. मेमरीही नव्या जातीची. परंतु तिचा रस्ता १२८ बिटांचाच राहिला. परिणाम असा झाला कीं, रेडिऑनची मेमरी सेकंदास जवळजवळ २० गिगाबाइट पुरवी, तर जीफोर्सची १६. घोडा तेज, पण दाणावैरण अपुरी!

शिवाय एवढा ठोका सोसावयाचा तर चिप तापणारच. तिला थंड ठेवणाऱ्या पंख्याचा घोंगाट असा कीं, खुद्द एनव्हिडियाच्या मंडळींनीं वाळलेला पाला उडविणाऱ्या यंत्राला हें कार्ड जोडल्याचा एक विनोदी चित्रपट काढला. स्वतःला हंसण्याचें हें धैर्य पुढील प्रसंगींही दिसलें असतें तर बरें झालें असतें.

दुसरें वर्म आंकडेमोडींत होतें. मायक्रोसॉफ्टनें डिसेंबर २००२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘डायरेक्टएक्स ९’च्या नियमांप्रमाणें बिंदूचा रंग काढण्याचें गणित पूर्वींहून अधिक सूक्ष्म करावयाचें होतें. एटीआयनें त्यासाठीं २४ बिटांची एकच बेतशीर योजना केली. जीफोर्सपाशीं १६ आणि ३२ बिट असे दोन पर्याय होते. पहिल्यानें काम झपाट्यानें उरके, पण रंगांत खडबडीतपणा येण्याचा संभव. दुसऱ्यानें काम चोख, पण संथ. म्हणून जुन्या धाटणीच्या खेळांत दोन्ही कार्डें अटीतटीनें धांवत, कोठें कोठें जीफोर्स पुढेंही जाई; नव्या धाटणीच्या कामांत मात्र रेडिऑन सहज पुढें राही.

आतां काट्याकडे वळूं. फिनलंडांतील फ्यूचरमार्क या कंपनीनें फेब्रुवारी २००३ मध्यें ‘थ्रीडीमार्क ०३’ ही कसोटी प्रसिद्ध केली. तींत कांहीं प्रवेश ठराविक क्रमानें पडद्यावर येत, कॅमेरा दर वेळीं त्याच वाटेनें फिरे, आणि शेवटीं एक आंकडा हातीं येई. तोच आंकडा जिकडे तिकडे छापला जाई, आणि एका कार्डासाठीं चारशें डॉलर मोजणारा गृहस्थ तोच पाहून दुकानाची पायरी चढे. ही कसोटी खऱ्या खेळांसारखी नाहीं, असा एनव्हिडियाचा आक्षेप होता, व तो अगदींच पोकळ नव्हता. परंतु प्रश्नपत्रिका नापसंत असणें वेगळें, आणि ती आधीं मिळवून उत्तरें पाठ करून येणें वेगळें.

मे महिन्यांत एनव्हिडियानें ५८०० च्या जागीं ‘५९०० अल्ट्रा’ हें कार्ड पुढें केलें. मेमरीचा रस्ता आतां रुंद झाला होता आणि थ्रीडीमार्कांतील आंकडेही उत्तम येऊं लागले. ‘एक्स्ट्रीमटेक’ व ‘बियॉंड थ्रीडी’ यांच्या परीक्षकांपाशीं या कसोटीची अशी एक आवृत्ति होती कीं, तींत कॅमेरा मध्येंच थांबवून नेहमींच्या वाटेबाहेर वळवितां येई. त्यांनीं तो वळविला. आणि आकाशाचे तुकडे गायब झालेले, चित्र फाटलेलें असें दृश्य दिसलें. नाटकांतील राजवाड्याच्या मागें जाऊन पाहावें आणि नुसते बांबू व गोणपाट दिसावें, तसाच हा प्रकार! कार्ड व संगणक यांच्यामध्यें दुभाष्याचें काम करणाऱ्या ‘ड्रायव्हर’ या प्रोग्रॅमला कॅमेऱ्याची वाट ठाऊक होती; वाटेवरून न दिसणारा भाग रेखाटण्याचे कष्ट तो कार्डास देतच नव्हता.

२३ मे रोजीं फ्यूचरमार्कनें आपला तपासणी-अहवाल प्रसिद्ध केला. ड्रायव्हरला कसोटी ओळखतां येऊं नये अशी दुरुस्ती करतांच ५९०० अल्ट्राचा आंकडा २४.१ टक्क्यांनीं खालीं आला. एटीआयच्या कार्डाचाही १.९ टक्क्यांनीं उतरला. एटीआयनें तें कबूल केलें: सूचनांचा क्रम बदलला, चित्र बदललें नाहीं, आणि हेंही काढून टाकूं. या दोन अपराधांस एकाच मापानें मोजणें अन्यायाचें होईल. तथापि एटीआयचे हातही पूर्वींपासून धुतलेले होते असें नाहीं. २००१ सालीं तिच्या ‘रेडिऑन ८५००’ या कार्डावर ‘क्वेक ३’ हा खेळ चांगला धांवे. परीक्षकांनीं प्रोग्रॅममधील ‘क्वेक’ हें नांव बदलून ‘क्वॅक’ केलें, तों वेग घटला आणि चित्र मात्र अधिक रेखीव झालें! नांव ओळखून ड्रायव्हर चित्राचा कस कमी करीत होता.

२ जून २००३ रोजीं फ्यूचरमार्क व एनव्हिडिया यांचें संयुक्त निवेदन निघालें. त्यांत लबाडी हा शब्द गळाला आणि त्या जागीं विशिष्ट प्रोग्रॅमसाठीं केलेली सुधारणा अशी शब्दयोजना आली. जेमतेम दहा दिवसांपूर्वींच्या अहवालांतील २४.१ हा आंकडा मात्र वाचकांच्या स्मरणांतून गेला नाहीं. कित्येक परीक्षकांनीं त्यापुढें तयार कसोटीवर विसंबणें सोडलें. ते स्वतः खेळून, तो खेळ नोंदवून, कोणत्याही ड्रायव्हरला आगाऊ ठाऊक नसलेल्या वाटेनें कार्डें धांववूं लागले.

एप्रिल २००४ मध्यें एनव्हिडियानें ‘जीफोर्स ६८०० अल्ट्रा’ पुढें आणलें. त्यांत ३२ बिटांचें गणित पूर्वींसारखें रेंगाळत नव्हतें, आणि मेमरीचा रस्ताही २५६ बिटांचा होता.