निजामाचे हजार पौंड आणि छातीवरचे दाब

सीपीआर, म्हणजे छाती दाबून जीव वाचवणं, म्हटलं की सगळे अमेरिकेकडे बोट दाखवतात. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी बाहेरून छाती दाबून रक्त फिरवता येतं हे मांडलं, ते खरंच आहे. पण या विद्येच्या कुळात एक शाखा हैदराबादची आहे. हैदराबादची म्हणजे आपलीही, कारण पालमसकट अख्खा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होता. त्या दरबाराने एका प्रश्नावर पैसा ओतला: माणूस जाताना आधी काय थांबतं, श्वास की हृदय? माझ्या मते सीपीआरचा सगळा इतिहास म्हणजे याच प्रश्नावरची भाऊबंदकी.

भांडण लावलं ते भूल देणाऱ्या क्लोरोफॉर्मने. जानेवारी १८४८ मध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्म हुंगून दगावली. पुढे असे मृत्यू वाढत गेले आणि डॉक्टरांचे दोन तट पडले. लंडनवाले म्हणत, नाडीवर बोट ठेवा. एडिनबराच्या साइम या सर्जनचे चेले म्हणत, नाडी सोडा, श्वास बघा. या चेल्यांपैकी एक, एडवर्ड लॉरी, हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन आणि तिथल्या मेडिकल स्कूलचा प्रमुख होता. माणूस हट्टी. १८८८ मध्ये त्याने क्लोरोफॉर्म कमिशन नेमवून कुत्र्यांवर प्रयोग केले आणि श्वासच आधी थांबतो, असा निकाल दिला. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाला तो पटेना. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी हजार पौंड देऊ केले, म्हणजे तुमचाच माणूस पाठवा आणि डोळ्यांनी बघा.

१८८९ मध्ये ‘लॅन्सेट’चा माणूस म्हणून लॉडर ब्रंटन आला. क्लोरोफॉर्मने हृदयही बंद पडतं, अशा मताचा. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, त्यांत कुत्री होती, माकडंही होती. शेवटी ब्रंटन लॉरीच्या बाजूला गेला. या कामात रूपाबाई फर्दुनजी ही हैदराबादची पारशी तरुणी होती. भूल देणाऱ्या पहिल्या स्त्री डॉक्टरांत तिचं नाव घेतात. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात ती का नाही, हे मला कळलेलं नाही.

पण निकाल टिकला नाही. त्याच १८८९ साली ॲबर्डीनचा मॅकविल्यम लिहीत होता की हृदय एकदम थांबत नाही, आधी नुसतं थरथरतं आणि त्या थरथरीत रक्त पुढे ढकललं जात नाही. १८९३ मध्ये गॅस्केल आणि शोअर यांनी हैदराबादचा अहवाल खोडून काढला. १९११ मध्ये गुडमन लेव्हीने दाखवलं की अर्धवट भुलीत ॲड्रेनालिन उसळलं, तर क्लोरोफॉर्मने हीच थरथर सुरू होऊन जीव क्षणात जातो. लॉरीचा हात मात्र क्लोरोफॉर्म ओतताना सढळ. हलक्या भुलीतलं हे मरण त्याच्या टेबलावर फारसं आलंच नसावं, असा माझा कयास.

आता गंमत पाहा. लॉरीचे प्रयोग संपून दोनच वर्षं झाली होती. जर्मनीत ग्योटिंगेनला क्लोरोफॉर्मने निपचित पडलेल्या एका मुलाची छाती फ्रिड्रिख मास हा तरुण डॉक्टर दाबत होता. तेही श्वासासाठीच, त्याच्या गुरूची, क्योनिगची, पद्धत मिनिटाला ३० ते ४० दाबांची. मुलगा शुद्धीवर येईना, मासचा धीर सुटला, हात भराभर चालू लागले. डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या, जीव धुगधुगला. १८९२ मध्ये त्याने लिहून ठेवलं: मिनिटाला १२० किंवा त्याहून जास्त. आजचा नियम १०० ते १२० सांगतो. श्वास शोधायला गेलेल्याच्या हाती हृदय लागलं, ते असं.

मग पुढची जवळजवळ सत्तर वर्षं मास अडगळीत का? रूढ खुलासा असा, की १९०१ मध्ये नॉर्वेच्या इगेल्सरूडने छाती उघडून हृदय हाताने दाबलं, माणूस वाचवला आणि शल्यविशारदांना तीच वाट आवडली. हे निम्मं खरं. उरलेला निम्मा दोष मी हैदराबादच्या माथी मारतो. ‘श्वास बघा’ हा निकाल इतका गाजला, की छाती दाबून हृदय चालवण्याची कल्पना फाजील वाटली असणार. कागदोपत्री पुरावा नाही. १८९३ चं खंडन याच्या आड येतं खरं, पण निकाल आणि मासचा लेख यांत तीनच वर्षांचं अंतर आहे.

मधले टप्पे थोडक्यात: सफार आणि एलम या डॉक्टरांची तोंडाने श्वास देण्याची पद्धत, नॉर्वेच्या खेळणीवाल्या लेर्डालची सरावाची ॲन बाहुली. कौवेनहोव्हन तर विजेचा इंजिनिअर. लाइनमन शॉकने मरत म्हणून या कामात ओढला गेला. मोटारीच्या स्टार्टरला ओल्या हाताने शिवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याचं आणि त्याचं नातं सरळ आहे.

२०१० मध्ये जागतिक नियमांनी क्रम उलटवला: आधी दाब, मग श्वास. २०१७ मध्ये भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने आलेल्या नियमांनी सामान्य माणसासाठी श्वासही वगळला, फक्त दाब ठेवले. म्हणजे लॉरी हरला?

पुरता नाही. गोदावरीत किंवा विहिरीत बुडालेल्याचा आधी श्वासच कोंडलेला असतो. तिथे शिकलेल्याने आधी तोंडाने श्वास द्यावेत आणि मग दाब, असंच आजही सांगतात. पालथं घालून पोटातलं पाणी काढण्यात वेळ दवडू नये. उलट बाजारात, एसटी स्टँडवर कोणी अचानक कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर हुंगवायला आणलेला कांदा आणि चप्पल बाजूला ठेवा. १०८ ला फोन लावायला सांगा. दोन्ही तळवे एकावर एक, छातीच्या मधोमध, हात ताठ, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलात की दुसऱ्याला लावा, पण थांबू नका. वाचून हे हातात येत नाही; बाहुलीवर एकदा शिकून घ्या.