शेळीतील भ्रूणप्रत्यारोपण : संप्रेरकोपचारांचा इतिहास आणि वऱ्हाडचा संदर्भ

प्रस्तावना

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर परिसर हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा प्रदेश होय. येथील अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या दृष्टीने शेळी ही अडीनडीला विकता येणारी पुंजी असते. म्हणूनच तिला 'गरिबाची गाय' असे म्हटले जाते. तथापि, उत्तम शेळीपासूनही आयुष्यभरात मोजकीच करडे मिळतात. ही मर्यादा ओलांडण्यासाठी विसाव्या शतकात विकसित झालेल्या तंत्राचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तंत्राचा विकास

भ्रूणप्रत्यारोपणाचा पहिला यशस्वी प्रयोग वॉल्टर हीप यांनी 1890 मध्ये इंग्लंडमध्ये सशावर केला. 1930 मध्ये कोल व हार्ट यांनी गाभण घोडीच्या रक्तद्रवात बीजकोशाला उत्तेजित करणारे संप्रेरक असल्याचे दाखविले. शेळ्यामेंढ्यांतील भ्रूणप्रत्यारोपणाचे वॉरविक व बेरी यांचे प्रयोग 1949 मध्ये प्रसिद्ध झाले.

या उपचाराचे दोन भाग आहेत. प्रथम प्रोजेस्टेरॉनयुक्त स्पंज योनीमार्गात ठेवून दाता व ग्राही शेळ्यांचे ऋतुचक्र एकाच वेळी आणले जाते. त्यानंतर दाता शेळीला बीजकोश उत्तेजित करणारे संप्रेरक टोचले जाते. घोडीपासून मिळणारे संप्रेरक एकाच मात्रेत देता येते. परंतु ते शरीरात अनेक दिवस टिकते, त्यामुळे नवी पुटके वाढतच राहतात आणि त्यांपैकी काहींतून बीज सुटत नाही. याउलट पीयूषिका ग्रंथीतील पुटकवर्धक संप्रेरक लवकर निष्प्रभ होते. म्हणून ते सुमारे तीन-चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, उतरत्या मात्रेत द्यावे लागते. आर्मस्ट्राँग व सहकाऱ्यांनी 1983 मध्ये अंगोरा शेळ्यांवरील अभ्यासात या दोन्ही उपचारांची तुलना केली. त्यात पुटकवर्धक संप्रेरक अधिक उपयुक्त ठरले.

अडचणी मात्र संपल्या नाहीत. समान मात्रेला प्रत्येक शेळीचा प्रतिसाद वेगळा असतो. काही शेळ्यांत पीतपिंड अकाली क्षीण होऊन भ्रूण हाती लागत नाहीत. गर्भाशयाचे मुख अरुंद असल्याने भ्रूण काढण्यासाठी बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती वारंवार केल्यास अंतर्गत अवयव परस्परांना चिकटतात.

महाराष्ट्रातील अनुभव

बी. व्ही. निंबकर यांनी 1968 मध्ये फलटण येथे स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली बोअर ही मांसल जात गोठविलेल्या भ्रूणांच्या रूपाने भारतात आणली. जिवंत जनावरांची दूरवरची वाहतूक त्यामुळे टळली. याच संस्थेने मेंढ्यांबाबत मात्र वेगळा मार्ग अवलंबिला. सुंदरबनातील गारोळ मेंढीतील जुळ्यांना कारणीभूत असलेले जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' हा वाण विकसित करण्यात आला. संप्रेरकाचा परिणाम एका ऋतुचक्रापुरता असतो. जनुकाचा गुण मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

वऱ्हाडात या दृष्टीने संस्थात्मक आधार उपलब्ध आहे. अकोल्यात 1969 मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. 2000 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतील पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थाही तेथेच आहे. स्थानिक बेरारी शेळीला मात्र स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद मिळण्यास एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले. म्हणजेच परदेशी शेळीचे भ्रूण महाराष्ट्रात येऊन पोहोचले, तेव्हा घरच्या शेळीचे नाव अद्याप नोंदवहीत चढायचे होते.

निष्कर्ष

संप्रेरकोपचार शेळीची गुणवत्ता निर्माण करीत नाहीत. निवडलेल्या शेळीची संतती तेवढी वाढवितात. निवड चुकल्यास दोषही तितक्याच वेगाने पसरतात. म्हणून मूर्तिजापूरसारख्या भागात कळपातील वजन, दूध, जुळ्यांचे प्रमाण व करडांची मरतूक यांच्या नियमित नोंदी ही पहिली गरज ठरते. खर्चिक व कुशल हात लागणारे हे तंत्र निवडक पैदास केंद्रांपुरते ठेवून, तेथे तयार झालेले सिद्ध बोकड गावोगावी पोहोचविणे हाच त्याचा लाभ सामान्य शेळीपालकापर्यंत नेण्याचा व्यवहार्य मार्ग दिसतो.