भिंत नसलेली टेकडी

सच्याचे वडील आमच्या शहरातल्या एका गोल्फ क्लबात माळी होते. सातवी-आठवीत असताना सच्या आणि मी त्या क्लबाच्या भिंतीबाहेरच्या नाल्यात उतरून हरवलेले चेंडू शोधायचो. चांगल्या चेंडूला दहा रुपये मिळायचे, चिरलेल्याला दोन. कॅडी पोरं ते आमच्याकडून घेऊन आत विकायची. भिंतीवर काचा लावलेल्या होत्या. आत काय आहे ते आम्ही कधी पाहिलं नाही. सच्याचे वडील एवढंच सांगायचे, "हिरवंगार आहे रे. उन्हाळ्यातसुद्धा."

त्यामुळे गोल्फ म्हणजे भिंत, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गेल्या वर्षी कामासाठी तीन आठवडे एडिनबरात होतो, तेव्हा ते पहिल्यांदा हललं.

शनिवारी मोकळा होतो. शहराच्या दक्षिणेला ब्रेड हिल्स नावाच्या टेकड्या आहेत, तिथून सगळं शहर दिसतं असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. बसमधून उतरून चढायला लागलो. दोन्ही बाजूंना गोर्सची काटेरी, पिवळ्या फुलांची झुडपं, मधूनमधून वर आलेले खडक. दहा मिनिटांनी पायवाट एका कापलेल्या गवताच्या पट्ट्याला भिडली आणि समोर झेंडा दिसला. मी चक्क गोल्फ कोर्सच्या मधोमध उभा होतो. सवयीनं आधी वॉचमन कुठे आहे ते पाहिलं. वॉचमन नव्हता. एक बाई कुत्र्याला घेऊन शांतपणे मैदान ओलांडत होत्या आणि चार म्हातारे खेळाडू त्या पलीकडे जाईपर्यंत थांबले होते.

स्कॉटलंडमधला गोल्फ म्हटलं की सेंट अँड्र्यूजचं नाव येतं. टीव्हीवर दिसतं ते समुद्रकाठचं मैदान. ब्रेड हिल्सचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. पण हा खेळ कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर मला या टेकडीवर जास्त स्पष्ट मिळालं.

सुरुवात समुद्रकाठीच झाली. शेती आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीला तिथे 'लिंक्स' म्हणतात. तिथे पीक येत नाही. पाणी झटकन मुरतं, गवत आखूड राहतं, उरलेलं मेंढ्या आणि ससे खातात. म्हणजे मैदान निसर्गानंच तयार ठेवलेलं. नांगराच्या कामाची नसलेली ही जमीन बहुतेक ठिकाणी गावाची असायची. कुणी कपडे वाळत घालायचं, कुणी गुरं चारायचं, कुणी काठीनं चेंडू मारायचं.

खेळ इतका पसरला की 1457 मध्ये स्कॉटिश संसदेनं त्यावर आणि फुटबॉलवर बंदी घातली. लोकांनी धनुर्विद्येचा सराव करावा, इंग्लंडशी लढायचंय, हे कारण. बंदी पुढे दोनदा पुन्हा घालावी लागली, यावरून ती किती पाळली गेली ते समजतं. 1502 मध्ये इंग्लंडशी तह झाला आणि त्याच वर्षी राजा चौथा जेम्स यानं पर्थमध्ये गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. त्या बनवणारा कारागीर धनुष्यं बनवणारा होता.

सेंट अँड्र्यूजमध्ये 1552 ची एक सनद आहे. आर्चबिशपनं मैदानावर ससे पाळायची परवानगी घेतली, पण तिथे खेळायचा गावकऱ्यांचा हक्क त्यातच मान्य केला. पुढे कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेनं 1797 मध्ये ही जमीन विकली. व्यापाऱ्यांनी तिथे सशांची शेती सुरू केली, भांडणं कोर्टात गेली. शेवटी 1894 मध्ये संसदेत कायदा करून मैदान पुन्हा गावाकडे आलं. ते आजही रविवारी खेळासाठी सहसा बंद असतं आणि लोक तिथे फिरायला जातात.

मग खेळ समुद्रावरून टेकडीवर कसा चढला? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. आत शिरलं की जमीन बदलते. माती जड, उन्हाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत. अशा ठिकाणी गोल्फ कोर्स करायचा तर गवत सतत कापायला हवं. 1830 मध्ये एडविन बडिंग यानं गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना आली होती कापड गिरणीतून, लोकरी कापडावरचे तंतू कातरायच्या यंत्रावरून. 1842 मध्ये आर्ब्रोथच्या अलेक्झांडर शँक्सनं तट्टू ओढेल असं मोठं यंत्र केलं. ज्याला आज 'पार्कलँड' कोर्स म्हणतात, तो हिरवा गालिचा या यंत्रांशिवाय शक्य नव्हता.

दुसरा बदल चेंडूत झाला. आधीचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत ठासून भरलेली पिसं. कारागीर दिवसाला तीन-चारच करायचा, त्यामुळे तो महाग. 1848 च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या चिकापासून, गट्टा-पर्चापासून, चेंडू होऊ लागले. तापवून साच्यात घातलं की झालं. समुद्राखालच्या तारांवर वेष्टण म्हणून हाच चीक वापरत, आणि 1870 मध्ये मुंबईपर्यंत आलेली तारही तसलीच. चेंडू स्वस्त झाला आणि कारकून, दुकानदार, कारागीर सगळेच खेळायला आले.

गर्दीचा ताण एडिनबराच्या ब्रंट्सफील्ड लिंक्सवर पडला. नाव लिंक्स असलं तरी हे शहराच्या आतलं सार्वजनिक माळरान. आजूबाजूला घरं वाढली, चेंडू येणाऱ्या-जाणाऱ्यांना लागायला लागले. मोठे जुने क्लब 1870 च्या दशकात मसलबराला गेले आणि पुढे त्यांनी शहराबाहेर स्वतःची मैदानं केली. ज्यांना तेवढं परवडत नव्हतं, त्यांचं काय?

उत्तर माझ्या पायाखाली होतं. 1889 मध्ये एडिनबराच्या नगर परिषदेनं ब्रेड हिल्स विकत घेतल्या आणि तिथे सगळ्यांसाठी गोल्फ कोर्स केला. स्वतःचं मैदान नसलेले कितीतरी छोटे क्लब इथे खेळू लागले. जेम्स ब्रेड हा तरुण सुतार एडिनबरात काम करताना या टेकडीवर खेळायचा. पुढे त्यानं ओपन स्पर्धा पाच वेळा जिंकली. टेकडीचं आणि त्याचं आडनाव एक, हा निव्वळ योगायोग. टॉमी आर्मरही इथेच खेळत वाढला. पहिल्या महायुद्धात त्याची एका डोळ्याची दृष्टी गेली, तरी 1931 ची ओपन त्यानं जिंकली.

कुत्र्यावाल्या बाई बिनधास्त का चालत होत्या, तेही नंतर कळलं. 2003 च्या स्कॉटिश जमीन सुधारणा कायद्यानुसार गोल्फ कोर्स चालत ओलांडायचा हक्क सगळ्यांना आहे, फक्त ग्रीनवर पाय द्यायचा नाही.

स्कॉटलंड म्हणजे स्वर्ग असं मला म्हणायचं नाही. ब्रेड हिल्सवर खेळायला पैसे पडतातच. एडिनबराजवळच्या म्युअरफील्डच्या प्रतिष्ठित क्लबानं बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवायला 2017 उजाडलं, आणि तेही आदल्या वर्षी एकदा नकार देऊन. आणि हाच खेळ ब्रिटिशांनी 1829 मध्ये कलकत्त्याला, 1842 मध्ये मुंबईला आणला तेव्हा काठ्या आणल्या, चेंडू आणले, क्लबाची घटना आणली. गावाच्या मैदानावरचा गावाचा हक्क तेवढा आणला नाही. आमच्यापर्यंत जो गोल्फ आला तो सभासदांचा. इतकी वर्षं मला वाटायचं की भिंत हा त्या खेळाचाच भाग आहे. ती इथे येताना वाटेत बांधली गेली.

चार म्हाताऱ्यांपैकी एकानं मला बराच वेळ उभा पाहून विचारलं, "कधी मारलायस का?" मी नाही म्हटलं. त्यानं हातात काठी दिली. पहिले दोन फटके हवेतच गेले. तिसरा लागला आणि चेंडू सरळ गोर्सच्या झुडपात. "जाऊ दे," तो म्हणाला. "त्यात शिरून कुणी शोधत नाही."

मी शिरलो. हात ओरबाडले, पण चेंडू काढला. म्हाताऱ्याला हसू आलं. हे काम मला येतं, एवढंच मी त्याला सांगितलं.

टेकडीच्या माथ्यावरून फोटो काढला. खाली किल्ला, आर्थर्स सीट, पलीकडे फोर्थची खाडी. सच्या आता हिंजवडीला कॅब चालवतो. त्याला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, गोल्फ कोर्स आहे हा. पाच मिनिटांनी त्याचं उत्तर आलं, "आत कसा घुसलास?"

उत्तर टाइप करायला मला वेळ लागला. मग सगळं घरी आल्यावर सांगतो म्हटलं. हा लेख आधी त्यालाच पाठवणार आहे.